लंडनच्या शाळा आणि भिडेवाडा

भिडेवाड्याचा विषय निघाला की पुण्याकडची मंडळी मला हमखास ऐकवतात, ‘तुमच्या लंडनमध्ये असं झालं नसतं!’ जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो बुधवार पेठेतला वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. भाडेकरू आणि महापालिकेची कोर्टबाजी सर्वोच्च न्यायालयात संपली आणि स्मारकाला जागा मोकळी झाली. लंडनमध्ये असं सहसा होत नाही, हे खरंच. पण इथे काय होतं, तेही ऐका.

१८७० च्या शिक्षण कायद्यानंतर लंडनच्या स्कूल बोर्डाने गोरगरिबांच्या मुलांसाठी शेकडो शाळा बांधल्या. बऱ्याच शाळांचा आर्किटेक्ट एडवर्ड रॉबसन. विटांच्या तीन-तीन मजली इमारती, वर्गात उजेड यावा म्हणून उंचच उंच खिडक्या. काहींत आजही शाळा भरते. कित्येकांचे फ्लॅट झालेत. दारावर दगडात कोरलेलं ‘गर्ल्स’ तसंच आहे, वारसा यादीतली इमारत असेल तर परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. त्याच दाराला आता कोड दाबायचं कीपॅड. आत उंच वर्गात पोटमाळा घालून वर बेडरूम केलेली. एजंट पैसे लावतो ते त्या खिडक्यांचेच. शाळेतल्या बाईंच्या पगारात तिथे घर येईल, असं मला तरी वाटत नाही. भिंती वाचल्या त्या गिऱ्हाईक मिळालं म्हणून. याला जतन म्हणायचं तर म्हणा बापडे.

एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. वापर बदलायचा तर अर्ज करावा लागतो, तो सगळ्यांना वाचता येतो, शेजारपाजारच्यांच्या हरकती नोंदवल्या जातात. भिडेवाड्यात दुकानं थाटली गेली तेव्हा कोणी कोणाला विचारलं? स्मारकाचा ठराव २००६ चा. त्यानंतर १७ वर्षं वाडा पडत राहिला आणि आपण जयंतीला हार घालत राहिलो.

पाडल्याचं मला दुःख आहे, पण फुल्यांचा जीव त्या भिंतींत अडकला नव्हता. १८५१ मध्ये त्यांनी चिपळूणकर वाड्यात शाळा काढलीच. त्यामुळे स्मारकात पुतळा, शिल्पं काय हवं ते करा. पण एक मजला मुलींच्या अभ्यासिकेला द्या. पेठांमधून स्पर्धा परीक्षेच्या मुली महिन्याच्या महिन्याला पैसे भरून खुर्ची मिळवतात. इथे ती फुकट मिळावी, आणि रात्री उशिरापर्यंत.