यॅमलचा अतिशहाणपणा

स्क्रिप्टने कॉन्फिग फाइल उघडायची, चार सेटिंग घ्यायच्या आणि पुढच्या कामाला लागायचं, एवढंच. पायथनमध्ये दोन ओळींचं काम, असं सगळे सांगतात आणि ओळी खरंच दोनच असतात हो, त्या चालतातही, एरर वगैरे काही येत नाही, तिथेच तर घोळ आहे.

फाइल यॅमलची, म्हणजे सेटिंग साध्या मजकुरात लिहायच्या एका पद्धतीची. त्यात बॅकअपच्या दोन वेळा, 09:30 आणि 21:30. सेफ लोड केलं (फाइल वाचायची नेहमीची कमांड) तर सकाळची वेळ आली जशीच्या तशी, आणि रात्रीची आली 1290. हे बाराशे नव्वद कुठून आलं म्हणून शोधत बसलो तर पाययॅमलने, म्हणजे यॅमल वाचणाऱ्या पायथनच्या लायब्ररीने, परस्पर ठरवलेलं की हा साठाच्या पायाचा (बेस 60) आकडा आहे, 21 गुणिले 60 अधिक 30. मग 09:30 कशी सुटली? तर म्हणे सुरुवातीला शून्य आहे, ती नियमात बसत नाही! व्हर्जन 3.10 लिहिलं की 3.1 होतं. देशांच्या यादीत नॉर्वेचा एनओ टाकला की तो इंग्रजी नो समजला जातो आणि हातात फॉल्स, म्हणजे ‘नाही’, येतो, अख्खा देशच नामंजूर. 2009 च्या यॅमल 1.2 मध्ये हे येस-नो आणि साठाचे लाड बंद केलेत, पण पाययॅमल अजून 1.1 चेच नियम धरून बसलंय.

बरं, यॅमलऐवजी आयएनआय ही दुसरी पद्धत घ्यावी तर ती दुसऱ्या टोकाला, तिला काहीच कळत नाही. फॉल्स लिहा, ती नुसती अक्षरं, आणि रिकामी नसलेली स्ट्रिंग (अक्षरांची माळ) पायथनच्या लेखी ट्रू, म्हणजे ‘हो’, म्हणजे बंद केलेलं सगळं चालू (हो-नाही म्हणून वाचायला गेटबुलियन वापरायचं असतं, पण ते आधी माहीत पाहिजे ना). पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह असेल तर आयएनआय वाचणारा पायथनचा कॉन्फिगपार्सर तिथेच अडून बसतो. जेसन ही तिसरी पद्धत, तिच्यात कॉमेंट लिहायची सोय नाही. चौथी टॉमल त्यातल्या त्यात सरळ, पायथन 3.11 पासून ती वाचणारं टॉमललिब आयतं मिळतं, फक्त फाइल बायनरी मोडमध्ये उघडायची आणि परत लिहायची अपेक्षा ठेवायची नाही, ते फक्त वाचतं.

पण फाइल यॅमलच राहणार, कारण ती बाकीचेही वापरतात. शेवटी टीममधल्या एकाने वैतागून दिसेल त्या किमतीला अवतरणचिन्हं लावून टाकली. वेळा बरोबर आल्या, नॉर्वे परत आला. आता पोर्ट नंबरपण अवतरणात आहे आणि नेटवर्क जोडणी उघडणारं सॉकेट म्हणतंय स्ट्रिंग नको, आकडा दे.