“शेवटी पैसाच ओढतो” म्हणे!

आज ऑफिसात निरोपसमारंभ होता. आमची एक सहकारी परदेशात कामाला चालली आहे. आमच्या एका वरिष्ठांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, “शेवटी काय, पैसा सगळ्यांनाच ओढतो.” सगळे हसले. जिला निरोप द्यायचा होता तीही हसली. मला मात्र संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

ती काय काम करायची ते आधी ऐका. आयएफआरएस ९ या आंतरराष्ट्रीय हिशेब-मानकाप्रमाणे बँकेच्या कर्जांवर ईसीएल, म्हणजे अपेक्षित तोटा, काढायची. कर्ज बुडण्याची शक्यता, बुडालं तर किती हिस्सा परत मिळणार नाही आणि त्या वेळी बाकी किती असेल, या तिन्हींचा गुणाकार. खातं ठणठणीत असेल तर पुढच्या १२ महिन्यांत ते बुडेल या शक्यतेपुरती तरतूद, म्हणजे तोट्यासाठी आधीच बाजूला काढलेली रक्कम. जोखीम लक्षणीय वाढली की खातं स्टेज २ मध्ये, आणि तिथे उरलेल्या पूर्ण मुदतीची तरतूद. हप्ता ३० दिवसांहून जास्त थकला की जोखीम वाढली असं मानक गृहीत धरतं, पण तोवर थांबणारी बँक आधीच उशीर करून बसलेली असते. म्हणून त्याआधीच, जोखीम किती वाढली की खातं स्टेज २ मध्ये टाकायचं, हा उंबरठा कुठे ठेवायचा, यातच सगळी अक्कल आहे. फार खाली ठेवला तर चांगली खातीही स्टेज २ मध्ये जाऊन नफा खातात. फार वर ठेवला तर तोटा उशिरा आणि एकदम अंगावर येतो.

हा उंबरठा तिने एकदाही ठरवला नाही. तो मुख्यालयातून ठरूनच यायचा. इथे मॉडेल चालवायचं, लेजरशी, म्हणजे बँकेच्या खातेवहीशी, आकडे जुळवायचे, ठरल्या तारखेला फाइल पाठवायची. तोट्याच्या अंदाजात मंदी येण्याच्या शक्यतेला एवढं कमी वजन का, असं तिने एकदा विचारलं. उत्तर आलं, “समितीने ठरवलंय.” ही समिती मुख्यालयाची, दुसऱ्या देशात! आता त्याच समितीपुढे टिपण मांडणाऱ्या टीममध्ये ती चालली आहे. आणि आपण म्हणायचं, पैसा ओढतो?

बरं, पैसा असतोच, आणि निव्वळ त्यासाठी जाणारेही असतात. पण त्यांचं गणित बहुतेकदा पहिल्याच ओळीत चुकतं. दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही, हे सगळ्यांना पाठ. पण तिथली ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात, पहिली ५ वर्षं दर वर्षाला २१ दिवसांच्या पगाराइतकी. ऑफरमध्ये मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे असतील तर ती रक्कम आक्रसते, हे सही करताना कोण बघतो? लंडनच्या मोठ्या बँकांत जोखमीचे निर्णय घेणाऱ्या वरच्या लोकांचा बोनस मोठा असेल तर त्यातला किमान ४० टक्के पुढच्या वर्षांवर ढकलतात. मधेच स्वतःहून सोडलं तर न मिळालेला हिस्सा सहसा बुडतो. तो नवा मालक भरून देणार असेल तर राजीनाम्याच्या आधी लेखी घ्या, नंतर कुणी देत नाही. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नवी नोकरी मिळवायची, नाहीतर दुसऱ्या व्हिसाची सोय, नाहीतर घर आवरायचं. एवढी टांगती तलवार सहसा कुणी नुसत्या आकड्यासाठी घेत नाही हो.

आणि या लोकांना जाता येतं, कारण त्यांची विद्या सीमेवर अडत नाही. आयएफआरएसची मानकं १४० हून अधिक देशांत चालतात. ईसीएल मॉडेल बांधणाऱ्याला नवा देश म्हणजे नवा डेटा, एवढंच. करसल्लागाराचं तसं नाही, त्याची निम्मी विद्या देशाबरोबरच मागे राहते.

लिहिता लिहिता राग थोडा निवळलाय. तिला हे मानक ओळ न् ओळ शिकवलं ते याच वरिष्ठांनी. दुखावलेला माणूस माइकवर काहीतरी बोलून जातो, हे समजतं. पण तिने मागितला होता तो समितीतल्या बैठकांना नुसतं ऐकायला बसण्याचा हक्क. तो २ वर्षांत मिळाला नाही. त्याला एक रुपयाही लागला नसता.

तिची हॅंडओव्हर फाइल संध्याकाळी उघडली. प्रत्येक पायरी आहे, कुठला डेटा उशिरा येतो, कुठे जुळणी अडते, सगळं. फक्त एका रकान्यात, उंबरठा ठरवण्यामागचं कारण, तिथे तिने लिहिलंय: “मुख्यालयाला विचारावे.”