१ स्टार आणि मोबाईलचा डबा

नमस्कार भाऊ,

जहाजावरच्या इंजिनिअरच्या परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या माझ्या क्लासला तुम्ही १ स्टार दिला, तो रिव्ह्यू काल रात्री वाचला. स्टार किती द्यायचे ते तुमच्या हातात, त्याबद्दल तक्रार नाही. बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. सराव परीक्षेला मुलगा ५ मिनिटं उशिरा आला तर मी फाटक लावून घेतलं. पुढच्या रविवारी त्याचा कॅल्क्युलेटर काढून घेतला आणि सगळ्यांसमोर बोललो. मोबाईल डब्यात टाकायला लावतो. मोठ्या शहरातले क्लासवाले सर्वेयरवार, म्हणजे तोंडी परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्यानुसार, प्रश्नोत्तरांची पीडीएफ देतात, मी देत नाही. आणि शेवटी, "वरूडसारख्या गावात हे कसले नखरे, क्लास आहे की जेल?"

आधी माझी चूक. ११ पोट्ट्यांच्या देखत बोलायला नको होतं, बाहेर बोलावून सांगता आलं असतं. त्या दिवशी लाइट गेली होती, इन्व्हर्टरनेही मान टाकली होती, डोकं तापलं होतं. पण पोराचा त्यात काय दोष? त्याची फोनवर माफी मागितली, इथेही मागतो. कॅल्क्युलेटर का घेतला ते मात्र इथे लिहीत नाही. चारचौघांत बोलल्याबद्दल माफी मागायची आणि तीच गोष्ट गावभर करायची, हे मला जमणार नाही. तुम्ही त्याला घरी शांतपणे विचारा.

नियम मात्र आहेत तसेच राहतील. आमचे पोट्टे एमईओ क्लास फोरची, म्हणजे जहाजावरच्या इंजिनिअरच्या परवाना परीक्षेची, तयारी करून राहिले. ही परीक्षा डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या अखत्यारीत एमएमडी (मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट) घेते. बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून पोरगं हॉलमध्ये जाणार, आणि सवयीने मोबाईल खिशातच राहणार. तो चालू होता की बंद, हा वाद तिथे घालून उपयोग नसतो. ती सवय मोडायला डबा आहे. डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, माझ्या टेबलावरच असतो. नवी बॅच आली की पहिल्या रविवारी त्यात नुसती घूंघूं चालते, पत्र्यामुळे दुप्पट ऐकू येते, आणि ज्याचा फोन वाजतो त्याचे कान लाल होतात. तिसऱ्या-चौथ्या रविवारपर्यंत डबा गप्प. पोट्टे घरूनच फोन बंद करून आणतात.

५ मिनिटांचं म्हणाल, तर जहाजावर ब्लॅकआउट झाला की इमर्जन्सी जनरेटरने जास्तीत जास्त ४५ सेकंदांत सुरू होऊन लोड घ्यायचा असतो. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे. आपल्या महावितरणची सवय लागलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, मलाही लागला होता.

आता पीडीएफ. जुने प्रश्न माझ्याकडे आहेत, दोन जाड रजिस्टरं भरून. कोणीही या, बसून वाचा. तयार उत्तरं मात्र देत नाही. ऑइल मिस्ट डिटेक्टरचा, म्हणजे इंजिनाच्या आत तेलाचं धुकं साठलं की इशारा देणाऱ्या यंत्राचा, अलार्म वाजला तर काय करायचं, हा तोंडी परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. पीडीएफवाला पोरगा घडाघडा सांगतो: ब्रिजला (जहाज चालवतात त्या वरच्या खोलीला) कळवायचं, इंजिन स्लो करायचं, थांबवायचं, क्रँककेसचं (इंजिनाच्या खालच्या बंद पेटीचं) दार लगेच उघडायचं नाही. "का नाही उघडायचं?" एवढंच विचारलं की गाडी थांबते. आत तेलाचं धुकं इतकं दाट असू शकते की ते पेटत नाही. दार उघडलं की ताजी हवा शिरते, मिश्रण पेटण्याजोगं होते, आणि आत एखादं बेअरिंग तापलेलं असतेच. १९४७ मध्ये बेलफास्टजवळ 'रेना डेल पॅसिफिको' या जहाजाच्या चाचणीच्या वेळी क्रँककेसमध्ये स्फोट झाला आणि २८ माणसं गेली. तुमच्या मुलाच्या वॉचवर, म्हणजे पाळीत, खाली इंजिनरूममध्ये आणखी चार घरांची लेकरं असतील, भाऊ.

आणि नखऱ्यांचंच म्हणाल तर एक राहिला, तो तुम्ही लिहिलाच नाही: परीक्षेला जाताना संत्री न्यायची नाहीत. नवीन पोट्टे हसतात. १९९४ साली मी स्वतः तोंडी परीक्षेला निघालो तेव्हा बाबांनी आंबिया बहाराची निवडक संत्री पिशवीत भरून दिली होती, "साहेबांसाठी". त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, आपल्याकडे रिकाम्या हाताने कोणाकडे जातच नाही. पिशवी घेऊन दारापर्यंत गेलो. तिथे एका सीनियरने दंड धरून मागे ओढलं आणि म्हणाला, "पागल झाला का बे? परीक्षा घेणाऱ्याला काही द्यायला गेलास तर परीक्षा तिथेच संपली." संध्याकाळी आम्ही दोघांनी स्टेशनवर बसून ती संपवली. साली कंपासपेटीत टाकाव्या लागल्या, हात दोन दिवस वास मारत होते.

हे सगळं परीक्षेपुरतंच असतं तर मी इतकं ताणून धरलं नसतं. पण ज्याच्या जोरावर आपली पोरं परदेशी जहाजांवर चढतात, त्या १९७८ च्या एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षण-प्रमाणपत्रांच्या आंतरराष्ट्रीय करारातच लिहिलं आहे की फसवणूक करून किंवा बनावट कागदांवर जहाजावर पद मिळवणाऱ्याला प्रत्येक देशाने शिक्षा ठेवावी. एका माणसाच्या खोट्या कागदामुळे जहाजावर भरती करणारा एजंट पुढच्या दहा जणांकडे संशयाने बघतो.

पैशाचं: मेसचे उरलेल्या दिवसांचे पैसे आजच पाठवले, बघून घ्या. क्लासची फी परत करत नाही, कारण त्याची जागा मी दुसऱ्याला दिलेली नाही. येत्या रविवारी सकाळी ९ ला टेस्ट आहे, फाटक ९ लाच लागेल. साधा कॅल्क्युलेटर आणायची गरज नाही, माझ्याजवळ एक जास्तीचा आहे. आणि तुम्हीही सोबत या, रजिस्टरं बघा, चहा घेऊ.