‘ड्रॅगन क्वेस्ट ३’, नसलेला कायदा आणि ‘लाखमोलाची’ कॅसेट

‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ या जपानी व्हिडिओ गेमपायी शाळा ओस पडल्या, म्हणून जपानच्या संसदेने तो केवळ सुट्टीच्या दिवशी विकण्याचा कायदा केला. हा जगातला पहिला आरपीजी, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम. आणि त्याची मूळ कॅसेट आज लाखोंना जाते, तेव्हा मिळेल त्या भावाने घेऊन ठेवा, असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यावर विसंबून माझा भाचा एका विक्रेत्याला नुसत्या कॅसेटचे अकरा हजार रुपये मोजायला निघाला नसता, तर मी त्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

असा कायदा कधीच झाला नाही. हा गेम १० फेब्रुवारी १९८८ रोजी, बुधवारी आला, पहिल्याच दिवशी त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि शाळा बुडवून रांगेत उभी राहिलेली सुमारे ३०० मुले पोलिसांच्या हाती लागली, एवढे खरे. पुढचे मुख्य भाग एनिक्स (पुढे स्क्वेअर एनिक्स) या प्रकाशक कंपनीने बहुतेक शनिवारी-रविवारी आणले, हेही मान्य करावे लागेल. पण तो कंपनीचा स्वतःचा निर्णय होता. कायदा असता तर दहावा भाग २ ऑगस्ट २०१२ रोजी, गुरुवारी कसा आला? तेव्हा जपानमध्ये उन्हाळी सुट्टी होती असे कोणी म्हणेल, तर तिसऱ्याच भागाची नवी आवृत्ती १४ नोव्हेंबर २०२४ रोजी आली. तोही गुरुवार, आणि शाळा चालू होत्या. कॅलेंडर उघडण्याचे कष्टही मजकूर लिहिणाऱ्याने घेतलेले नाहीत.

पहिल्या आरपीजीबद्दल इतकेच, की १९८१ सालच्या ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ या अमेरिकी खेळांवरून ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे जनक युजी होरी यांनी प्रेरणा घेतली, आणि खुद्द ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा पहिला भागच १९८६ सालचा आहे.

खरा घात आहे तो किमतीच्या दाव्यात. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात १५.६ लाख डॉलरना गेलेली ‘सुपर मारिओ ६४’ या दुसऱ्याच गेमची प्रत कधीही न उघडलेली, सीलबंद आणि दर्जा प्रमाणित केलेली होती. तिच्या बातमीवरून सुट्या कॅसेटचा भाव ठरवणे म्हणजे शेजारच्या बंगल्याच्या किमतीवर आपली खोली विकायला काढणे. फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जपानी गेमयंत्रावरच्या तिसऱ्या भागाच्या जपानमध्ये सुमारे ३८ लाख प्रती विकल्या गेल्या. खोका आणि पुस्तिका नसलेली प्रत तिथल्या जुन्या मालाच्या दुकानांत आजही काहीशे येनमध्ये मिळते.

विक्रेते सांगत नाहीत ती गोष्ट कॅसेटच्या पोटात असते. पहिल्या दोन भागांत खेळ पुढे चालू ठेवण्यासाठी लांबलचक सांकेतिक मंत्र वहीत उतरवून घ्यावा लागे. तिसऱ्यात प्रथमच बॅटरी आली, सर्किट बोर्डाला डाख देऊन पक्की बसवलेली. ती संपली तरी गेम सुरू होतो, शीर्षक झळकते, म्हणून गेम चालू होताना दाखवणारा विक्रेत्याचा व्हिडिओ काहीच सिद्ध करत नाही. यंत्र बंद केले की साठवलेला खेळ जातो, आणि पुढच्या वेळी भेसूर सुरावटीसह ‘साहसाची नोंद पुसली गेली’ असा जपानी मजकूर उमटतो. बॅटरी बदलता येते, पण त्यासाठी कवच उघडून डाख काढावा लागतो. शिवाय सारा गेम जपानी लिपीत, आणि ६० पिनांची ही कॅसेट ७२ पिनांच्या एनईएसमध्ये, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकी रूपात, अडॅप्टरशिवाय बसतही नाही. भाच्याला मी विक्रेत्याकडून उघडलेल्या बोर्डाचा फोटो मागायला सांगितले आहे. तो येईपर्यंत एक पैसाही द्यायचा नाही.