मॅपच्या लूपमध्ये म्हणे == वापरा!

"जावातला मॅप तुम्ही ठेवलेलाच ऑब्जेक्ट परत देतो, म्हणून लूपमध्ये इक्वल्स नको, == वापरा, कोड जोरात पळेल." असा एक फॉरवर्ड फिरतोय. (जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत मॅप म्हणजे की (key) आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांचा साठा. == बघतं ते दोन्हीकडे एकच ऑब्जेक्ट आहे का, इक्वल्स बघतो आतली किंमत सारखी आहे का.) दुर्लक्ष केलं असतं, पण भाचीनं तो वाचून प्रोजेक्टमधले सगळे इक्वल्स काढून टाकले आणि वर मलाच विचारते, "मामा, टेस्ट तर पास होतायत, मग बिघडलं कुठे?"

बिघडलं ते फॉरवर्डमधल्या 'पुराव्या'त. दोन मॅपमध्ये इंटिजर १०० ठेवायचा, एका मॅपवर लूप फिरवून दुसऱ्यातल्या व्हॅल्यूशी == करायचं, उत्तर ट्रू. झालं सिद्ध! अहो, १००च का? २०० घेऊन बघा की. आपण साधा इंट, म्हणजे नुसता आकडा, मॅपमध्ये टाकतो तेव्हा त्याचा इंटिजर ऑब्जेक्ट करायला आतून इंटिजरची व्हॅल्यूऑफ मेथड चालते, आणि तिचं अधिकृत डॉक्युमेंटेशन स्वच्छ सांगतं: -१२८ ते १२७ हे आकडे कायम कॅश होतात, म्हणजे दर वेळी तोच साठवलेला ऑब्जेक्ट मिळतो; त्यापलीकडचे झाले तर झाले. म्हणजे १२७ला ट्रू आणि १२८ला सहसा फॉल्स. एक्सेप्शन (चालताना येणारी एरर) नाही, काही नाही. टेस्टमधले आकडे लहान, म्हणून सगळं हिरवंगार. खऱ्या डेटात मोजणी १२७च्या पुढे गेली की "कधीकधी चुकतं" असा बग शोधत बसा.

स्ट्रिंगची तीच गत. कोडमध्ये लिहिलेली दोन सारखी लिटरल्स एकच ऑब्जेक्ट असतात, फाइलमधून वाचलेली स्ट्रिंग वेगळी.

मॅप कॉपी काढत नाही, हे खरं आहे. पण तुलना होते ती बाहेरून आलेल्या भलत्याच ऑब्जेक्टशी, त्याचं काय? मॅपमधली की एनम असेल, म्हणजे ठरावीक नावांपैकी एक आणि प्रत्येक नावाचा एकच ऑब्जेक्ट, तर == खुशाल वापरा, तेवढं मान्य.

वेगाचं म्हणाल तर हॅशमॅप (मॅपचा नेहमीचा प्रकार) एखादी की शोधताना स्वतःच आधी == बघतो, नाही जुळलं तरच इक्वल्स. स्ट्रिंगचा इक्वल्सही सुरुवात तिथूनच करतो. वाचवलंत काय?

आणि फॉरवर्डमधलं "एंट्रीसुद्धा (की-व्हॅल्यूची जोडी) == ने ओळखा" हे तर धडधडीत चूक. हॅशमॅपमध्ये नशिबानं निभावेल. पण कन्करंटहॅशमॅप या दुसऱ्या प्रकारात लूपला एकेक जोडी पुरवणारा इटरेटर दर फेरीला नवी एंट्री बनवून देतो. एंट्रीचा इक्वल्स की आणि व्हॅल्यू दोन्ही तपासतो, तो वापरा. नलची (व्हॅल्यूच नसण्याची) धास्ती असेल तर ऑब्जेक्ट्स क्लासमधला इक्वल्स आहेच.