लाल हापशी आणि आमचा निळा रंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सचिवसाहेब,

सप्रेम नमस्कार. आपण आपली ओळख ‘निवृत्त ग्रामसेवक’ एवढीच दिली आहे, आणि आमच्याकडे ग्रामसेवकाला आजही सचिवच म्हणतात, म्हणून ही हाक मारली.

आमच्या जिनिंगमधील, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यातील, काही कर्मचारी कापसाचा सीझन संपला की आसपासच्या गावांतील बंद पडलेल्या हापश्या स्वतःहून दुरुस्त करतात, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, हातपंपांची देखभाल हे ग्रामपंचायतीचे व पंचायत समितीचे काम आहे आणि आम्ही ते फुकटात करून त्यांना मोकळे सोडतो; या सगळ्यामागे मालकाची जाहिरात आहे; कर्मचाऱ्याने आपले नेमून दिलेले काम चोख करून घरी जावे, तीच त्याची समाजसेवा. शेवटी एका ओळीत आपण विचारले आहे की, ज्या हापश्या तुम्ही सुरू केल्या त्यांचे पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे कोणी पाहिले? प्रतिक्रियेतील ही सर्वांत लहान ओळ आहे, पण मला उत्तराची सुरुवात तिथूनच करावी लागेल, कारण मूळ लेखात मी नेमकी तीच गोष्ट गाळली होती.

पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही सात जण पांढरकवड्याच्या बाजूच्या एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, गेलो होतो. तेथील हापशी बरीच वर्षे बंद होती. आमच्या हेडफिटरने दांडा दोनदा वरखाली केला आणि तो हाताला अगदी हलका लागतो म्हणजे आत सळई सुटली आहे, असे पाणी पाहण्याआधीच सांगितले. तिवई उभी करून, चेनपुलीने एकेक करत तीन-तीन मीटरचे नऊ पाइप वर काढले, तेव्हा सातव्या जोडावर सळईचे आटे झिजून ती खरोखरच निसटलेली सापडली. सिलिंडरमधला वायसर त्याने बोटांत धरून उजेडाकडे फिरवला. त्याची कड एका बाजूने पातळ झाली होती. हा माणूस तीस वर्षे डबल रोलर जिनच्या रोलरवर चामड्याच्या चकत्या चढवत आला आहे, त्यामुळे कड कशी झिजते हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. दुपारी दोनच्या सुमारास पाणी आले, बायाबापड्या गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन जमल्या, आणि आमच्या अंगात आले. फोटो चांगला यावा म्हणून आम्ही तारेच्या ब्रशने हापशीचा गंज खरवडला आणि तिला वरपासून खालपर्यंत निळा ऑइलपेंट दिला. खरवडताना गंजाखाली लाल रंग लागला होता. आमच्यातल्या एकाने विचारलेही की हा लाल कशाचा. मी स्वतः त्याला म्हणालो, रेडऑक्साइडचा पहिला हात असेल.

तो पहिला हात नव्हता. पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, ते पिऊ नये, म्हणून मारलेली ती खूण होती, आणि ती आम्ही घासूनपुसून काढली होती. आषाढात त्या भागात आलेल्या आरोग्यसेविकेने निळी हापशी पाहून विचारणा केली तेव्हा हे उघड झाले. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. त्या बोअरचा जुना अहवाल ग्रामपंचायतीत होता आणि त्यातील आकडा दीडच्या बराच वर होता. फ्लोराइडने दातांवर डाग पडणे, पुढे सांधे व हाडे आखडणे, हे वर्षानुवर्षे तेच पाणी पिण्याने होते, अडीच महिन्यांत नव्हे, असा बचाव मी करू शकतो आणि तो खोटाही नाही. परंतु त्या अडीच महिन्यांत पोडावरच्या बायकांनी अर्ध्या किलोमीटरवरच्या विहिरीवर जाणे सोडून दिले होते, आणि घरोघरी लहान मुले तेच पाणी पीत होती. काही जणी ते उकळूनही देत होत्या. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने थोडे वाढतेच. आम्ही लाल रंगाचा डबा घेऊन पुन्हा गेलो, घरोघरी फिरून हे पाणी फक्त भांड्याकुंड्यांना आणि कपड्यांना वापरा असे सांगितले. एक म्हातारे आजोबा म्हणाले, “तुमी चांगल्यासाठीच केलं न भाऊ.” कोणी शिव्या दिल्या असत्या तर परतीचा रस्ता सोपा गेला असता.

तेव्हापासून पाण्याच्या तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय आम्ही पाना हातात घेत नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याच्या पेटीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. जिथे अहवाल जुना किंवा गहाळ असतो, तिथे आम्ही आधी या महिलांना गाठतो. नमुन्यात द्रावण टाकल्यावर गुलाबी रंग फिका होत पिवळसर व्हायला लागला, म्हणजे फ्लोराइड जास्त असल्याचे दिसले, की तिथे आमचे काम संपते, आणि मग नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा आग्रह ग्रामपंचायतीकडे धरायचा.

आता आपला पहिला आक्षेप. तो मला पूर्णपणे मान्य आहे, पण पहिल्या वर्षापुरता. ७३व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींकडे आहे, आणि पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतील ६० टक्के हिस्सा बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेला, असून त्यातील निम्मा पाण्यासाठीच होता, हे आपल्याला मी सांगावे असे नाही. म्हणजे जबाबदारीही ठरलेली होती आणि पैशाचे शीर्षही होते. असे असताना आम्ही पहिल्या वर्षी गावात जायचो, हापशी चालू करायचो आणि चहा घेऊन परत यायचो. परिणाम असा झाला की कागदावर त्या गावांतून हातपंपाची एकही तक्रार नोंदली गेली नाही. ज्या गावाची तक्रार नाही त्या गावासाठी पंचायत समितीचे दुरुस्ती पथक कशाला येईल, आणि पुढच्या वर्षीच्या आराखड्यात त्यासाठी तरतूद तरी कोण करील? आमच्या मोफत कामाने गावाची गरजच दप्तरातून पुसली गेली.

मी काट्यावरचा कारकून आहे. कापसाची गाडी भरलेली असताना एकदा आणि रिकामी झाल्यावर एकदा, अशी दोन्ही वजने लिहिल्याशिवाय मी कोणाला पावती देत नाही. हापशीच्या बाबतीत मात्र मीच एकही नोंद न करता गाडी सोडत होतो. दुसऱ्या वर्षीपासून आम्ही क्रम बदलला. आधी गावकऱ्यांनी ग्रामपंचायतीकडे लेखी तक्रार द्यायची, तिची प्रत पंचायत समितीला जायची, पोच घ्यायची आणि पंधरा दिवस थांबायचे. या पंधरा दिवसांत चार ठिकाणी पथक स्वतःच येऊन दुरुस्ती करून गेले. त्या चार हापश्यांना आमचा हातही लागला नाही, आणि माझ्या हिशेबी वर्षभरातले आमचे सर्वांत चांगले काम तेच. पथक आले नाही तर ग्रामपंचायतीला कळवून आम्ही जातो; वायसर, नटबोल्ट, साखळी यांचे बिल ग्रामपंचायतीच्या नावे घेतो, मजुरी घेत नाही, आणि कोणता भाग का बदलला हे नोंदवहीत लिहून सरपंचांची किंवा सचिवांची सही घेतो. ही सही मिळवणे हे पाइप उपसण्यापेक्षा जड काम आहे, हे आपण समजू शकाल.

परंतु कर्मचाऱ्याने आपले काम करून घरी जावे, हे मला पटत नाही. २०१९मध्ये जलजीवन मिशन सुरू झाले, माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ठरले, आणि बऱ्याच गावांत नळ दिसूही लागले. पण वैशाखात योजनेची विहीर आटली किंवा लाइन गेली की त्या नळाखाली गुंड ठेवून उपयोग नसतो, आणि विजेशिवाय चालणारी एकच वस्तू गावात उरते ती म्हणजे हापशी. तिच्यात काय बिघडले आहे हे दांडा हलवून सांगू शकणारा माणूस तालुक्यात आहे, सीझन संपल्यामुळे त्याच्या हाताला कामही कमी आहे, तरी त्याने हे आपले काम नव्हे म्हणून घरी बसावे, असे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? आम्ही यापूर्वीही सेवा केली होती, ती कशी होती तेही सांगतो. गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, २० डिसेंबरला, आम्ही नवे झाडू विकत आणून बसस्टँड झाडले आणि फोटो काढले. दुसऱ्या दिवशी तिथे तेवढाच कचरा होता. झाडू कोणीही धरू शकतो, आणि बाबांनी तो ज्या ताकदीने धरला ती ताकद आमच्यात नव्हती. सळईचा आटा ओळखणे मात्र आम्हाला येत होते. तेवढे लक्षात यायला आम्हाला दोन वर्षे लागली.

मालकाच्या जाहिरातीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. २०१३च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांवर आहे. आमची जिनिंग त्याच्या जवळपासही नाही. मालक चेनपुली आणि तिवई वापरायला देतात. दुसऱ्या वर्षी त्यांनी जिनिंगच्या नावाचे बॅनर लावा म्हटले, आम्ही नको म्हटले, ते आठवडाभर नाराज राहिले आणि चेनपुली दिली.

याच्याशी जवळचा एक आक्षेप आपण घेतला नाही, तो घ्यायला हवा होता. स्वेच्छेने म्हणजे कोणाच्या इच्छेने? हेडफिटरने “रविवारी येतोस ना” असे विचारले की हाताखालचा हेल्पर नाही म्हणू शकत नाही. पहिल्या वर्षी रोजंदारीवरचा एक मुलगा चार रविवार आमच्याबरोबर पाइप ओढायला आला. पुढे मे महिन्यात कळले की त्या दिवसांत त्याचे घरचे सगळे तेंदूपत्ता तोडायला जात होते आणि हा आमच्या सेवेपायी मजुरी बुडवत होता. आता रोजंदारीच्या माणसाला आम्ही बोलावत नाही, महिन्याच्या पगारावरच्यांनाही फिटर विचारत नाही, मी विचारतो, आणि एकदा नाही म्हटलेल्याला पुन्हा विचारत नाही. सात जणांचे पाच झालो आहोत.

आपल्या प्रतिक्रियेत ओघात असे आले आहे की, आपल्या काळात फ्लोराइडमुळे बंद केलेल्या हापश्यांची यादी आपल्या जुन्या वहीत अजून आहे. ती मला हवी आहे. त्या वहीची छायाप्रत काढू दिलीत तर मी कोणत्याही रविवारी आपल्या घरी येईन. या वर्षीचा कापूस मार्चअखेर संपेल, एप्रिलच्या पहिल्या रविवारसाठी दोन गावांच्या तक्रारींची पोच हातात आहे, आणि त्यांपैकी एका हापशीचा जुना अहवाल ग्रामपंचायतीत सापडत नाही.