पाटी लावली म्हणजे कायदा होत नाही

गेले दोन आठवडे आमच्या सोसायटीच्या, भाच्याच्या कॉलेजच्या आणि कोथरूडमधल्या एका क्रिकेटच्या ग्रुपवर व्हिडिओ गेमबद्दल एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: "गेम तुम्ही विकत घेतच नाही, फक्त लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी, घेता. 'आय अ‍ॅग्री' दाबलं की विषय संपला. कंपनी गेम कधीही काढून घेऊ शकते. जगभरच्या कोर्टांनी तेच सांगितलंय, भारतात तर कायदाच नाही. मग क्रॅक (कुलूप तोडलेली फुकटची प्रत) वापरला तर चोरी कसली?" यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

"विकत घेतच नाही." अप्पा बळवंत चौकात जुनं पुस्तक घेतलं तर कॉपीराइट लेखक-प्रकाशकाकडेच राहतो, पण ते पुस्तक तुमचं नाही असं कुणी म्हणत नाही. सीडीवरचं तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात सांगितलं. खरी गंमत २०२१ ची. परदेशी सॉफ्टवेअरसाठी मोजलेले पैसे रॉयल्टी की मालाची किंमत, हा वाद 'इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस' प्रकरणात आला. आयकर खातं म्हणत होतं रॉयल्टी, म्हणजे त्यावर इथे कर द्या. सॉफ्टवेअर धंद्यातली मंडळी हिरिरीने सांगत होती की नाही हो, करारात लायसन्स लिहिलं असलं तरी ही विक्रीच. कोर्टाने त्यांचं मानलं. म्हणजे कर वाचवताना विक्री, आणि गिऱ्हाईक भांडायला आलं की लायसन्स! दोन्ही निकाल कराबाबतचे आहेत, गेमबाबतचे नाहीत, हे कबूल. पण 'विक्री नाहीच' असं ठासून सांगण्याआधी ते वाचायला हवेत.

"आय अ‍ॅग्री दाबलं की संपलं." मागच्या दिवाळीत भाच्याने तापकीर गल्लीतून गेमचा सीलबंद बॉक्स आणला. प्लास्टिक फाडलं तर आत डिस्क नाहीच, पुठ्ठ्याच्या खाचेत कोड छापलेली एक चिठ्ठी. कोड टाकल्यावर करार उघडला, तोही इंग्रजीत. बोटाने सरकवत राहिलो, तरी शेवट येईना. अटी आधी दिसल्या असत्या तर घेतला नसता, पण तोवर पैसे गेले होते. दुकानदार म्हणाला, "उघडलेला बॉक्स परत घेत नाही, पाटी वाचा."

पाट्यांबद्दल पुणेकरांना कुणी शिकवू नये. 'फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' असं लिहिलं, म्हणून हवा सोडायचा हक्क मिळत नाही. कराराचंही तेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, कलम २(४६) मध्ये, 'अन्याय्य करार' ही कल्पनाच आहे, आणि वाजवी कारणाशिवाय करार एकतर्फी संपवायची मुभा कंपनीला देणारी अट त्याचं उदाहरण म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. अशी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात नाही, राज्य ग्राहक आयोगात करायची असते. प्रत्येक जण जिंकेल असं नाही; पण 'कायदाच नाही' ही निव्वळ थाप आहे. अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ साली ज्या पुण्यात सुरू झाली, तिथे ती खपावी हे जरा लाजिरवाणंच.

"कंपनी कधीही काढून घेऊ शकते." घेतलाच. युबिसॉफ्ट या कंपनीच्या 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, नंतर लोकांच्या खात्यांतून लायसन्सही गेली. मेसेज इथेच थांबतो. पुढचं असं: त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली, जुलै २०२५ मध्ये तिच्या युरोपीय अर्जावरच्या सह्या दहा लाखांवर गेल्या. 'द क्रू २' ऑफलाइन खेळता येईल असं त्याच कंपनीला जाहीर करावं लागलं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, फक्त लायसन्स देत असाल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'बाय' लिहिता येत नाही. हा कायदा गेम वाचवत नाही, पाटी नीट लावायला लावतो, एवढंच.

"जगभरच्या कोर्टांनी." अमेरिकेत २०१० मध्ये ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात लायसन्सवाले जिंकले, बरोबर. पण २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ऑरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीविरुद्ध सांगितलं की कायमच्या वापरासाठी पैसे घेऊन दिलेलं डाउनलोड ही विक्रीच, ते पुढे विकता येतं. पॅरिसमध्ये तर स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाविरुद्ध ग्राहक संघटना २०१९ मध्ये जिंकली आणि २०२२ मध्ये अपिलात हरली. याला एकमत म्हणत नाहीत.

राहिला क्रॅक. कायद्याच्या भाषेत ग्राहक म्हणजे मोबदला देणारा. क्रॅक वापरणाऱ्याला आयोगाच्या दारात उभं राहताच येत नाही, आणि वर सांगितलेलं सगळं त्याच्यासाठी फुकट जातं. भाच्याची ती चिठ्ठी आता निकामी आहे, एकदा वापरलेला कोड कुणी घेत नाही. बिल मात्र मी फाइलला लावून ठेवलंय.